दातातल्या चांदीचा करंट आणि आईच्या सहा दाढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ५८ वर्षांची, कऱ्हाडला राहते. शाकाहारी आहे, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन नऊ वर्षं चालू आहे. आठ महिन्यांपासून जीभ पोळते आणि तोंडाला धातूची चव येते. दोन महिन्यांपूर्वी उजवीकडे खालच्या दाढेवर नवी कॅप बसवली, तेव्हापासून त्या बाजूनं दात टेकले की मधूनच शॉक बसतो. ओळखीतून एका ‘नैसर्गिक दंतोपचार’ करणाऱ्यांकडे नेलंत. त्यांनी सहा दाढांतल्या जुन्या चांदीला (म्हणजे चांदीच्या फिलिंगला) मीटरची सुई लावून आकडे लिहून दिले आणि करंट जास्त असल्याचं सांगितलं. उपाय म्हणून ठरावीक क्रमानं सगळी चांदी काढायची, रूट कॅनॉल केलेली एक दाढ उपटायची आणि नंतर शरीरातला पारा काढायला सलाइनमधून औषध द्यायचं. खर्च सव्वा लाख. हे खरं आहे का आणि करावं का, असं तुम्ही विचारलंय.

करू नका. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचेपर्यंत तुम्ही आगाऊ रक्कम भरावी असं मला वाटत नाही. पण ‘करंट वगैरे काही नसतं’ असं म्हणून मी तुमची बोळवण करणार नाही. करंट असतो. एकतीस वर्षं दातांचं काम करताना तो अनुभवणारे पेशंट मी पाहिले आहेत, आणि तुमच्या आईच्या दोन तक्रारींपैकी एक बहुधा त्यामुळेच आहे. दुसरीचा त्याच्याशी संबंध दिसत नाही. या दोन तक्रारी एकत्र बांधल्या गेल्या आणि तिथंच घोळ झाला.

शाळेत लिंबाचा सेल केला असेल. लिंबात एक जस्ताचा खिळा आणि एक तांब्याची पट्टी खोचायची, दोन्हींना तार जोडली की वीज वाहते. दोन वेगळे धातू आणि मध्ये आंबट किंवा खारट पाणी, एवढंच लागतं. तोंडात लाळ आहेच. १७५२ च्या सुमारास योहान सुल्झर या स्विस अभ्यासकानं शिसं आणि चांदी जिभेवर एकमेकांना टेकवून पाहिली, तेव्हा त्यांना एक विचित्र चव लागली. दोन्हींपैकी कुठल्याही धातूला एकट्यानं ती चव नव्हती. हे का होतं ते त्यांना उमगलं नाही. पुढे १८०० मध्ये व्होल्टांनी धातूच्या चकत्या रचून पहिली बॅटरी केली तेव्हा त्याचा उलगडा झाला. चॉकलेटच्या चंदेरी कागदाचा तुकडा चुकून चांदी भरलेल्या दाढेखाली आला, तर डोक्यापर्यंत कळ जाते, ती हीच. स्टीलचा चमचा दाढेला लागल्यावर काहींना होतं तेही हेच.

धातूची चव कशी येते, हे आपल्या घरात फार पूर्वीपासून माहीत आहे. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. आंबटामुळे धातूचे कण सुटून ताकात उतरतात. दातातल्या चांदीचंही तसंच थोडं थोडं गंजणं चालू असतं. ज्याला आपण चांदी म्हणतो त्यात चांदी, कथील, तांबं आणि वजनानं जवळजवळ निम्मा पारा असतो. त्या मिश्रणातला सर्वांत लवकर गंजणारा भाग कथील आणि पाऱ्याचा असे. १९६० च्या दशकात तांब्याचं प्रमाण वाढवलेलं मिश्रण आलं, त्यात तो भाग जवळपास नाहीसा झाला. म्हणजे त्याआधीच्या मिश्रणाची चांदी आणि नंतरची चांदी या एकसारख्या नाहीत.

आता आईची नवी कॅप. आपल्याकडे स्वस्तातल्या कॅपमध्ये आत बहुतेक वेळा निकेल-क्रोमियमचा धातू असतो, वर पोर्सेलिन असतं किंवा नसतंही. ती कॅप वरच्या दाढेतल्या जुन्या चांदीला समोरासमोर टेकत असेल, तर लिंबाचा सेल तयार झाला. दात टेकतात त्या क्षणी मार्ग पूर्ण होतो, दोन्ही धातूंतला काही दशांश व्होल्टचा फरक मोकळा होतो आणि दाढेतली नस दचकते. हे काही सेकंदांत शांत होतं, कारण धातूवर लगेच ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि प्रवाह मंदावतो. जसजसे दिवस जातात तसतसे शॉकही कमी होतात. माझ्या अनुभवात बहुतेकांचं काही आठवड्यांत थांबतं. दोन महिने झाले तरी थांबलं नसेल, तर मी आधी करंटचा विचार बाजूला ठेवते आणि कॅप उंच बसली आहे का ते पाहते. रंगीत कागद दातांमध्ये ठेवून चावायला लावलं की कुठे जास्त भार येतो ते दिसतं. मग चिरलेल्या दाढेची शंका. लाकडी काडीवर चावून दाब सोडताना कळ आली, तर दाढेला तडा असण्याची शक्यता मोठी. हे दोन्ही नसेल, तर दोन धातूंमध्ये रबराचा पातळ तुकडा ठेवून चावायला सांगते. रबर असताना शॉक नाही आणि काढल्यावर आहे, तर निदान झालं. मग त्या दोनपैकी एकच बदलायचं, कॅप तरी सिरॅमिकची किंवा समोरची चांदी काढून दातांच्या रंगाचं फिलिंग. सहा दाढांना हात लावायची गरज नाही.

त्या मीटरबद्दल मात्र नीट समजून घ्या, कारण सगळी इमारत त्यावर उभी आहे. मीटरची सुई स्वतः धातूची असते. ती चांदीला लावली की सुई आणि चांदी हेच दोन वेगळे धातू झाले आणि मध्ये लाळ आलीच. म्हणजे जो करंट मोजला त्यातला बराचसा त्या सुईनंच निर्माण केलेला असू शकतो. सुई जरा जोरात टेकवली की वरचा ऑक्साइडचा थर खरवडला जातो आणि आकडा वाढतो. लाळ कमी-जास्त झाली की बदलतो. आधी चहा प्यायला असेल तरी बदलतो. करून बघायचं असेल तर एक साधी परीक्षा आहे. मोजणाऱ्याला आधीचे आकडे दिसू न देता त्याच सहा दाढा दहा दहा मिनिटांनी तीनदा मोजायला सांगा. क्रम तोच आला तर मला जरूर कळवा.

हा क्रम लावून चांदी काढण्याचा प्रकार अमेरिकेतून आला. कोलोराडोमधले दंतवैद्य हॅल हगिन्स यांनी १९७० च्या दशकापासून तो पसरवला. सर्वाधिक ऋण करंटची दाढ आधी, मग पुढची, क्रम चुकला तर उपचार फसतो, असा त्यांचा दावा. मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या मज्जासंस्थेच्या गंभीर आजारांच्या माणसांनी त्यांच्याकडे जाऊन दात आणि पैसे दोन्ही गमावले. १९९६ मध्ये कोलोराडोच्या दंतवैद्यक मंडळानं त्यांचा परवाना रद्द केला. त्याआधी १९५० च्या दशकात जर्मनीत राइनहोल्ड फोल यांनी त्वचेचा विद्युत-रोध मोजून अवयवांचे आजार ओळखण्याचं यंत्र काढलं होतं. प्रत्येक दात एकेका अवयवाशी जोडणारे रंगीत तक्ते आज अशा क्लिनिकच्या भिंतीवर दिसतात, त्यांचं मूळ तिथं आहे. त्वचेचा रोध बोटाला घाम आहे की नाही आणि सुई किती दाबली यावर हलतो. त्यातून यकृत किंवा मूत्रपिंडाचं काही कळत नाही.

एक युक्तिवाद तुमच्यापर्यंत येईलच, म्हणून आधी सांगते. मेंदू अतिसूक्ष्म करंटवर चालतो आणि फिलिंगचा करंट त्याच्या हजारपट आहे, असं म्हणतात. ऐकायला भीतिदायक आहे. पण वीज जवळचा आणि सोपा रस्ता धरते, आणि तोंडातल्या दोन धातूंमध्ये सर्वांत सोपा रस्ता लाळेचा आणि हिरडीचा आहे. तो प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये मोजायचा असतो. जिममध्ये चरबी मोजणाऱ्या काट्यावर अनवाणी उभं राहिल्यावर पायांतून जो करंट जातो, तो याहून कितीतरी मोठा असतो. आम्ही स्वतः दाताची नस जिवंत आहे का हे तपासायला दाताला मुद्दाम सूक्ष्म करंट देतो. पेशंटला मुंगी चावल्यासारखं वाटतं आणि संपतं.

या प्रश्नावर खरा अभ्यास झाला तो स्वीडनमध्ये. १९७० आणि ८० च्या दशकांत तिथं हजारो लोक तोंडातल्या विजेमुळे आजारी असल्याचं म्हणू लागले. त्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या आणि तिथल्या विद्यापीठांनी त्या हसण्यावारी नेल्या नाहीत. तक्रार असलेल्यांच्या आणि नसलेल्यांच्या तोंडातली वीज मोजली, तर त्यात सुसंगत फरक सापडला नाही. पण त्या लोकांना नीट तपासल्यावर जबड्याच्या स्नायूंचं दुखणं, दातांचे आणि हिरड्यांचे आजार, कोरडं तोंड, मनावरचा ताण अशी इतर कारणं भरपूर सापडली. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असं त्यांचं चाललं होतं.

चांदी काढल्यावर बरं वाटलेली माणसं नसतात का? असतात, आणि ती खोटं बोलत नाहीत. म्युनिकमधला २००८ चा एक अभ्यास मी अशा वेळी नेहमी सांगते. चांदीमुळे त्रास होतो असं वाटणारे ९० लोक घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटाची चांदी काढली. दुसऱ्याची काढून वर शरीरशुद्धीचे उपचार दिले. तिसऱ्याची चांदी तशीच ठेवून आहार, व्यायाम, झोप, ताण यांवर काम केलं. वर्षभरानं तिन्ही गटांतल्या लोकांचा मुख्य त्रास कमी झाला होता आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पहिल्या दोन गटांच्या शरीरातला पारा कमी झाला होता, हेही खरं. पण बरं वाटणं त्यावर अवलंबून नव्हतं.

पाऱ्याबद्दल मी हात झटकणार नाही. पाऱ्याची वाफ विषारी असते आणि चावताना चांदीतून अगदी थोडी वाफ सुटते. मी शिकत होते तेव्हा चांदी खलबत्त्यात घोटायची आणि फडक्यात धरून जादा पारा चिमटीनं पिळून काढायचा. त्याचे मणी जमिनीवर घरंगळत जायचे. खरा धोका पेशंटपेक्षा आम्हाला आणि आमच्या मदतनिसांना होता, आणि त्याबद्दल कोणी आम्हाला नीट सांगितलं नाही याचा मला आजही राग येतो. पुढे मोजून भरलेल्या बंद कॅप्सूल आल्या. मी स्वतः गेली बारा वर्षं चांदी भरलेली नाही. पाऱ्याचा वापर घटवण्यासाठीचा मिनामाटा हा जागतिक करार २०१७ मध्ये लागू झाला, भारतानं २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि चांदीचा वापर कमी करत नेणं त्यात आलं. युरोपीय महासंघानं २०२५ पासून काही अपवाद सोडून ती बंदच केली. पण यामागचं मोठं कारण पर्यावरण आहे. हा पारा गटारात, पाण्यात, माशांत जातो आणि तिथं त्याचं अधिक विषारी रूप होतं. कराराला ज्याचं नाव दिलं त्या जपानमधल्या मिनामाटा गावात माणसं मेली ती त्या रूपामुळे, दातांमुळे नाही.

तोंडात आधीपासून असलेल्या चांदीचं काय? २००६ मध्ये दोन अभ्यास प्रसिद्ध झाले, एक अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधला, दुसरा लिस्बनमधला. दोन्ही मिळून हजारावर मुलं होती. काहींना चांदी, काहींना पांढरं फिलिंग असं चिठ्ठीनं ठरवलं आणि पाच ते सात वर्षं त्यांची बुद्धी, स्मृती, हातांची हालचाल, मूत्रपिंडं तपासत राहिले. बुद्धीत आणि मज्जासंस्थेच्या कामात फरक पडला नाही. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, २०२० मध्ये गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, सहा वर्षांखालची मुलं, मूत्रपिंडाचे किंवा मज्जासंस्थेचे रुग्ण यांना नवी चांदी शक्यतो भरू नये असा सल्ला दिला. त्याच सल्ल्यात, चांगली बसलेली चांदी वैद्यकीय कारणाशिवाय काढू नये, हेही लिहिलं. कारण काढताना घासून गरम होते तेव्हाच सर्वांत जास्त वाफ सुटते. शिवाय दरवेळी फिलिंग बदलताना दाताचा थोडा चांगला भाग जातो. मोठी चांदी काढताना दाढेची भिंत तुटू शकते, नस उघडी पडते, मग रूट कॅनॉल, मग कॅप. सहा चांगल्या दाढांपैकी दोन तरी या फेऱ्यात सापडतील अशी मला भीती वाटते.

रूट कॅनॉलची दाढ उपटायचा सल्ला तर फार जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दातातल्या सुप्त जंतूंमुळे सांधेदुखीपासून वेडेपणापर्यंत सगळं होतं, असं मोठमोठे डॉक्टर मानत. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्रेंटन इथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी त्या विश्वासापोटी शेकडो रुग्णांचे दात उपटले, पुढे टॉन्सिल आणि आतडीही काढली. कित्येक माणसं शस्त्रक्रियेत दगावली आणि वेड काही गेलं नाही. एक्सरेत मुळाशी डाग नाही, सूज नाही, चावताना दुखत नाही, तर आईची ती दाढ जाग्यावरच राहू द्या.

सलाइनमधून पारा काढणं हा या योजनेतला मला सर्वांत घातक वाटणारा भाग आहे. ही औषधं शिसं किंवा पाऱ्याची खरी विषबाधा झाल्यावर रुग्णालयात देतात. औषध देऊन मग लघवी तपासली तर पारा कोणाच्याही लघवीत वाढलेलाच दिसतो, कारण औषधच तो खेचून आणतं. तो कागद दाखवून पुढचे डोस विकले जातात. २००५ मध्ये अमेरिकेत पेन्सिल्वेनियात पाच वर्षांच्या मुलाला स्वमग्नतेवर म्हणून असं औषध दिलं. त्याच्या रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरलं आणि त्याचं हृदय थांबलं. मधुमेह असलेल्या, मूत्रपिंडांवर आधीच ताण असू शकणाऱ्या बाईला हे देऊ नका.

आता जीभ पोळण्याकडे येऊ. हा त्रास आठ महिने चालू आहे आणि त्यावर अजून एकही रक्ततपासणी झालेली नाही. शाकाहारी माणूस, नऊ वर्षं मेटफॉर्मिन, वय ५८. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ उतरतं, आणि शाकाहारात ते मुळातच कमी. त्यात जीभ गुळगुळीत आणि लालसर होते, पोळते, तिखट लागलं की आग होते. हिमोग्लोबिन चांगलं असलं तरी बी-१२ कमी असू शकतं, म्हणून ते वेगळं तपासावं लागतं, आणि तेही कुठलीही बी-कॉम्प्लेक्स सुरू करण्याआधी. सोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड आणि तीन महिन्यांची साखर. साखर चढी असेल तर तोंडात बुरशी येते आणि लाळ आटते, दोन्हींनी जळजळ होते. पाळी गेल्यानंतरच्या वयात काही बायकांना सगळ्या तपासण्या ठीक असूनही जीभ जळत राहते. त्या दुखण्याला नाव आहे, त्यावर उपचार आहेत, ते मनाचे खेळ नव्हेत. धातूच्या चवीसाठी ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं का ते विचारा. रक्तातल्या लोहाची चव तशीच लागते. मेटफॉर्मिननंही ती लागते.

चांदीचा खरा दोष असेल तर तो कसा दिसतो तेही सांगते. गालाच्या आतल्या बाजूला, नेमक्या चांदीला घासणाऱ्या जागी, पांढऱ्या जाळीसारख्या रेघा किंवा लाल चट्टा. ही ॲलर्जी असते आणि तिथं तेवढी एक चांदी बदलल्यावर चट्टा हळूहळू ओसरतो. खोट्या कानातल्यांनी आईच्या कानाच्या पाळीला खाज सुटत असेल तर निकेलची ॲलर्जी असू शकते, मग नव्या कॅपच्या कडेची हिरडीही बघायला हवी.

आणखी एक विचारते, वाईट वाटून घेऊ नका. आई सुपारी खातात का, मशेरी लावतात का? आपल्याकडच्या बायका हे डॉक्टरला सांगत नाहीत. तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीनंही गाल आतून पांढरट आणि ताठ होतात, तिखट सोसत नाही, तोंड उघडायला कमी पडतं. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. असा माणूस मीटरवाल्याकडे सहा महिने घालवतो तेव्हा मला झोप लागत नाही.

‘करंट’ या शब्दानं घोळ झालेली एक बाई माझ्या कायम लक्षात आहे. चेहऱ्याच्या एका बाजूला वीज चमकल्यासारखी कळ, तोंड धुताना, वारा लागला तरी. माझ्याकडे येईपर्यंत त्या बाजूच्या चार दाढा वेगवेगळ्या ठिकाणी उपटून झाल्या होत्या आणि कळ तशीच होती. ते ट्रायजेमिनल न्यूराल्जिया होतं, चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. कार्बामाझेपिनच्या गोळ्यांवर तिला आठवड्याभरात आराम पडला. दाढा परत आल्या नाहीत. आईची कळ दात न टेकताही, नुसत्या स्पर्शानं येते का, हे म्हणून नक्की विचारा.

कऱ्हाडमध्येच एखाद्या फिजिशियनकडून वरच्या तपासण्या करून घ्या आणि ज्यांनी कॅप बसवली त्यांच्याकडे परत जा. त्यांच्यावर रागवू नका, कॅप उंच आहे का एवढंच बघायला सांगा. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. आयुर्वेदिक काही चालू असेल तर तेही, कारण काही रसौषधींत पारा असतो आणि ते डॉक्टरला माहीत हवं. तोवर स्पिरिट असलेला माउथवॉश आणि दालचिनी-लवंगाची तिखट पेस्ट बंद. साधी, कमी फेसाची पेस्ट वापरा, घोट घोट पाणी, जेवणात ताक. ते स्टीलच्या भांड्यातलं असू द्या. रिपोर्ट आले की बी-१२ आणि साखरेचे आकडे मला कळवा. बी-१२ कमी निघालं तर इंजेक्शनं सुरू झाल्यावर जीभ शांत व्हायला काही आठवडे लागतात, पहिल्या दोन इंजेक्शनांत फरक पडला नाही म्हणून ती सोडू नका.